अर्देशीर गोदरेज : एका खऱ्या माणसाचे चरित्र

(बी. ए. तृतीय वर्ष)

मी परटाच्या घरची मुलगी. लातूरच्या गंजगोलाईपासून पायी दहा मिनिटांवर आमचे लॉन्ड्रीचे दुकान आहे. आजोबांचे लहानपण मांजरेच्या काठच्या एका खेड्यात गेले. तिथे त्यांच्या वडिलांकडे गावाचे धुणे होते आणि सुगीत बलुत्याची ज्वारी घरी येत असे. पुढे बलुते मोडले. आजोबा शहरात आले आणि एका लाकडी फळीवर कोळशाची इस्त्री ठेवून त्यांनी दुकान मांडले. सोडा घालून रटरटणारी भट्टी, नीळ, कांजी, कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याने घातलेली गिऱ्हाइकाची खूण आणि शेवटी ती कडक परीटघडी, हे सारे पाहतच मी वाढले.

आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत कपडे धुण्याचे एक मशीन आहे. बदली होऊन गाव सोडणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडून बाबांनी ते जुने विकत घेतले. मशीन दोन टपांचे. एका टपाच्या तळाशी एक चकती गरगर फिरते, ती पाण्याला उलटसुलट घुसळते आणि कपडे धुऊन निघतात. दुसऱ्या टपात ते जोराने फिरवून पाणी बाहेर फेकले जाते. आजोबांना हे मशीन मुळीच रुचले नव्हते. ज्या कामावर आपल्या पिढ्या जगल्या ते काम एका डब्याने करावे, हे त्यांच्या मनाला लागले होते. पण मशीनच्या अंगावरचे नाव बाबांनी वाचून दाखवले, तेव्हा ते थोडे नरमले. घरात आजीचे एक लोखंडी कपाट होते. त्याच्यावरही तेच नाव होते आणि त्या कपाटाने इतक्या वर्षांत एकदाही दगा दिला नव्हता. ते नाव म्हणजे गोदरेज.

हे नाव एखाद्या इंग्रज साहेबाचे असावे, असे मला कितीतरी वर्षे वाटत होते. आपल्याकडे गोदरेज म्हणजे कपाट. मुलीच्या लग्नात काय दिले या प्रश्नाचे उत्तर नांदेड-लातूरकडे अनेकदा या एका शब्दात दिले जाई. पण त्या नावामागे एक माणूस होता, तो आपल्याच मुंबईत जन्मला आणि नाशिकला शेती करीत त्याने आपले अखेरचे दिवस काढले, हे मला नांदेडला शिकायला आल्यावर कळले. स्वदेशी चळवळीवर टिपण काढायला मी ग्रंथालयात बसले होते. टिळक, दादाभाई यांच्या नावांबरोबर अर्देशीर गोदरेज हे नाव समोर आले. टिपण बाजूला राहिले आणि मी त्या माणसाच्याच मागे लागले. याला एक खाजगी कारणही होते. ते योग्य जागी सांगेन.

अर्देशीर यांचा जन्म १८६८ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वडील बुर्जोरजी, आई डोसीबाई. सहा भावंडांत अर्देशीर थोरले. घराण्याचे मूळ आडनाव गुथेराजी होते. अर्देशीर तीनेक वर्षांचे असताना वडिलांनी ते बदलून गोदरेज केले. बुर्जोरजींचा व्यवसाय जमीनजुमल्याचा होता आणि घर खाऊनपिऊन सुखी होते. थोरल्या मुलाने वकील व्हावे, ही त्या काळच्या सुशिक्षित पारशी घराची स्वाभाविक इच्छा. अर्देशीर कायदा शिकू लागले.

१८९० साली त्यांचा विवाह बचुबाईंशी झाला. हा संसार वर्षभराच्या आसपासच टिकला. २५ एप्रिल १८९१ रोजी बचुबाई आणि त्यांची नातेवाईक पिरोजबाई या दोघी मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवर गेल्या होत्या. त्या उंच मनोऱ्यावरून दोघीही खाली कोसळल्या आणि मरण पावल्या. बचुबाई विशीच्या, पिरोजबाई तर सोळा वर्षांच्या. साऱ्या मुंबईत खळबळ उडाली. कुणी त्यांच्यावर हल्ला केला काय, अब्रू वाचविण्यासाठी त्यांनी उडी घेतली काय, याची चर्चा वर्तमानपत्रांतून आणि सभांतून किती तरी दिवस चालली. खटला उभा राहिला, पण त्या दिवशी वर नेमके काय घडले ते कायमचे अंधारातच राहिले. अर्देशीर तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. त्यांना मूलबाळही नव्हते.

चरित्रकार अशा प्रसंगानंतर नायकाच्या मनाचे वर्णन करतात. ते धाडस मी करणार नाही. एवढेच म्हणते की ज्या तरुणाच्या घरातील मृत्यूचे सत्य न्यायालयातही उलगडले नाही, तो तरुण पुढे वकील म्हणून उभा राहिला तेव्हा सत्याच्या बाबतीत तिळभरही तडजोड करायला तयार नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल किंवा नसेल. वाचकांनी आपल्या परीने विचार करावा.

१८९४ साली अर्देशीर एका खटल्याच्या कामासाठी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील झांजीबारला गेले. अशिलाची बाजू मांडता मांडता त्यांच्या लक्षात आले की आपण जे सांगत आहोत ते खरे आहे याची खात्री आपल्याला देता येत नाही. वकिलीच्या धंद्यात ही काही मोठी अडचण समजली जात नाही. बाजू अशिलाची असते, वकील ती फक्त मांडतो. अर्देशीरांना हे पटेना. ज्याची आपल्याला खात्री नाही ते खरे म्हणून सांगायचे नाही, या एका गोष्टीवर ते अडून बसले. कितीही समजूत घातली तरी ते बधले नाहीत. अखेर खटला सोडून ते मुंबईला परतले आणि वकिलीलाही त्यांनी कायमचा रामराम ठोकला. वडिलांचा पैसा, कायद्याचे शिक्षण आणि समाजातील प्रतिष्ठा, सारे एका आग्रहापायी बाजूला पडले.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटले. आता ते खाजगी कारण सांगते.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण आटले होते. नळ कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या जागी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. दहा टाक्या आणि पाच लाख लिटर पाणी. लोकांनी तिचे स्वागत देवाच्या पालखीसारखे केले. मी तेव्हा बारा वर्षांची होते. ज्या गावाला प्यायला पाणी नाही, त्या गावातल्या परटाचे काय होत असेल ते सांगायला नको. भट्टी बंद होती. दोन पिंपे पाणी आठवडाभर पुरवायचे होते. मशीनमधले साबणाचे पाणी आम्ही फेकून देत नव्हतो, त्याच पाण्यात दुसरा आणि तिसरा घाणा काढत होतो. दोन टपांच्या मशीनची तेवढी सोय चांगली. पाणी पुन्हा वापरता येते.

लग्नसराई होती. एका जुन्या गिऱ्हाइकाचे नवे धोतरजोडी आणि सदरा दुकानात आला होता. बाबा टँकरच्या रांगेत, आजोबा इस्त्रीवर. मला सांगितले होते, फक्त पांढरे कपडे घाल. माझी एक डाळिंबी ओढणी होती. शाळेच्या कार्यक्रमात ती मला घालायची होती. घरच्या कपड्यांची पाळी दहा दिवसांनी येणार होती. मी ती हळूच त्या पांढऱ्या कपड्यांत टाकली. पुढे काय झाले ते सांगायलाच नको. मशीनचे झाकण उघडले तेव्हा धोतर फिक्या गुलाबी रंगाचे झाले होते. मी ओढणी काढली, गच्चीवर लपवून वाळवली आणि गप्प राहिले.

आजोबांनी तर्क केला की आधीच्या घाण्याचे रंगीत पाणी टपात राहिले असणार. दोष त्यांनी मशीनला दिला आणि मशीनवर विश्वास ठेवल्याबद्दल स्वतःलाही दिला. त्याच संध्याकाळी ते गिऱ्हाइकाच्या घरी गेले, चूक आमची आहे असे त्यांनी आपणहून सांगितले आणि कपड्यांची किंमत तीन हप्त्यांत फेडली. मग मशीनवर जुनी चादर टाकली गेली. पाऊस पडला, धरण भरले, पाणी आले, पण चादर निघाली नाही. बाबांनी दोनदा विषय काढून पाहिला. आजोबांनी मान हलवली. सत्तरी ओलांडलेले आजोबा आणि हाताला सोड्याच्या भेगा पडलेली आई वर्षानुवर्षे हाताने कपडे घासत राहिली. माझ्या एका शब्दाने ते थांबले असते. तो शब्द मी उच्चारला नाही. पहिल्यांदा भीतीने आणि नंतर, आता इतक्या उशिरा काय सांगायचे, या लाजेने.

झांजीबारचा प्रसंग वाचताना मला ती चादर दिसली. एक माणूस परक्याच्या खटल्यातही जे खरे नाही ते बोलायला तयार नव्हता. मी माझ्याच घरात आठ वर्षे खोटे न बोलता खोटे जगले होते. हे चरित्र मी पुरे करायचे ठरवले ते त्या दिवशी.

मुंबईला परतल्यावर अर्देशीर एका औषधांच्या दुकानात मदतनीस म्हणून लागले. वकिलाने औषधाच्या पुड्या बांधाव्यात हे लोकांना विचित्रच वाटले असेल. तिथे शस्त्रक्रियेची हत्यारे हाताळताना त्यांच्या मनात आले की ही हत्यारे परदेशातून आणण्याचे कारण काय? आपल्याकडे चांगले कारागीर आहेत. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून त्यांनी ३,००० रुपये कर्जाऊ घेतले आणि चिमटे, कात्र्या, चाकू तयार करायला सुरुवात केली. माल चांगला उतरला. ज्या इंग्रज व्यापाऱ्याला तो द्यायचा होता त्यालाही तो पसंत पडला. अडचण एकच निघाली. हत्यारांवर भारतात बनविले असा शिक्का मारायला व्यापारी तयार नव्हता. हिंदुस्थानी माल म्हटला की गिऱ्हाईक हात लावणार नाही, असे त्याचे म्हणणे. अर्देशीर म्हणाले असतील की माल विकू द्या, नाव नंतर पाहू, असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. जे इथे बनले त्याच्यावर इथलेच नाव पाहिजे, यावर ते ठाम राहिले. व्यवहार मोडला. तो धंदा तिथेच संपला आणि डोक्यावर कर्ज राहिले.

दोन वर्षांच्या आत दोन वेळा हा माणूस सत्याच्या आग्रहापायी बुडाला होता. तिसऱ्या वेळेला मात्र त्याच आग्रहाने त्याला तारले.

त्या सुमारास मुंबईत घरफोड्यांचा सुळसुळाट झाला होता. चांगली कुलपे वापरा, असे पोलीस लोकांना सांगत. बाजारात चांगली कुलपे होती ती विलायती आणि महाग. देशी कुलपे हाताने घडवलेली असत, पण त्यांत एकसारखेपणा नसे आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागे. वर्तमानपत्रातील अशाच एका बातमीने अर्देशीरांना वाट दाखवली. पुन्हा कर्ज काढून ७ मे १८९७ रोजी लालबागला गॅस कंपनीच्या शेजारी त्यांनी कुलपांचा कारखाना काढला. कारखाना कसला, २१५ चौरस फुटांची एक शेड. आमचे दुकान आणि मागची खोली मिळून साधारण तेवढीच जागा होईल. गुजरात आणि मलबारकडून बारा कारागीर आणले होते.

कुलपाचे मर्म त्याच्या आतल्या खटक्यांत असते. योग्य किल्लीने सगळे खटके नेमक्या उंचीवर उचलले गेले तरच कडी सरकते. एकही खटका जास्त किंवा कमी उचलला तर कुलूप अडते. हे खटके जागेवर आणायला स्प्रिंग असते आणि स्प्रिंग काही वर्षांनी थकते किंवा गंजते. मग कुलूप ढिले पडते. अर्देशीरांनी पुढे स्प्रिंगच नसलेले कुलूप तयार केले. आपल्या कुलपाला दुसऱ्या कुठल्याही कुलपाची किल्ली लागणार नाही, अशी हमी ते गिऱ्हाइकाला देत. आज हमीपत्राचे आपल्याला काहीच वाटत नाही. त्या काळी देशी वस्तूबरोबर लेखी हमी देणे म्हणजे आपली अब्रू त्या वस्तूला बांधण्यासारखे होते.

कुलपांनंतर १९०२ साली तिजोरी आली. इथेही त्यांनी आधी दोष शोधला. तिजोरीचे कुलूप कितीही मजबूत असले तरी पत्र्याचे सांधे कमजोर असतील तर चोर कुलपाकडे वळतच नाही, सांधा उचकटतो. आणि चोरापेक्षाही मोठा शत्रू आग. बाहेरचा पत्रा टिकला तरी आतला कागद जळून जातो. म्हणून त्यांनी सांधे कमी केले, पत्रे वाकवून भिंती बनवल्या, उष्णता आत जाऊ नये अशी योजना केली. मग लोकांसमोर तिजोऱ्या आगीत घालून दाखवल्या. शब्दांवर विश्वास ठेवा असे न म्हणता डोळ्यांनी पाहा असे म्हणणारा हा व्यापारी होता. थोड्याच वर्षांत धाकटे बंधू पिरोजशा त्यांच्याबरोबर कामाला लागले. कर्ज देणाऱ्या मेरवानजी कामांच्या इच्छेवरून त्यांचे भाचे बॉईस यांना भागीदार करून घेतले होते. ते फार दिवस राहिले नाहीत. पण अर्देशीरांनी नाव बदलले नाही. ज्याने अडचणीत पैसा दिला त्याच्या घरचे नाव आपल्या नावाशेजारी कायमचे राहू दिले. म्हणून आजही गोदरेज अँड बॉईस.

१९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची लाट उसळली. दादाभाई नौरोजींच्या संपत्तीच्या ओघाच्या सिद्धांताचा अर्देशीरांवर मोठा प्रभाव होता. देशी मालाचा पुरस्कार करणे हा त्यांच्या दृष्टीने देशकार्याचा भाग होता, शिवाय त्यात त्यांचा फायदाही होता. तरीही या लाटेला त्यांनी डोळे मिटून पाठिंबा दिला नाही. देशी आहे म्हणून वाईट माल घ्या, असे सांगणाऱ्यांशी त्यांचे जमले नाही. देशी माल विलायतीपेक्षा चांगला झाला पाहिजे, मग तो आपल्या पायांवर उभा राहील, नाही तर लाट ओसरल्यावर तो बुडेल, असे त्यांचे मत होते. हे मत लोकप्रिय होण्यासारखे नव्हते. आपल्या मराठवाड्यातल्या उद्योगाविषयी आपण बोलतो तेव्हा मागासलेपणाची सहानुभूती मागतो. त्या वेळी अर्देशीरांचे हे मत आठवावे, असे मला वाटते.

आता मी माझ्या घरच्या विषयावर येते, म्हणजे साबणावर. त्या काळी साबणात जनावरांची चरबी सर्रास वापरत. हिंदूंना गाईच्या चरबीचा आणि मुसलमानांना डुकराच्या चरबीचा संशय, आणि अहिंसा मानणाऱ्याला दोन्हींचा विटाळ. अर्देशीरांनी १९१८ नंतर वनस्पती तेलांपासून साबण काढला. साबणाची रीत परटाच्या मुलीला सांगावी लागत नाही. तेल आणि कॉस्टिक सोडा उकळला की साबण तयार होतो आणि मिठाचे पाणी घातले की तो वर येतो. पण चरबीने साबणाला जो कठीणपणा येतो तो निव्वळ तेलाच्या साबणाला आणणे आणि तो अंगाला सौम्य ठेवणे हे कौशल्याचे काम आहे. कुलूपवाल्याच्या या साबणाचे नाव चावी असे होते. पुढे त्यांनी दोन नंबर नावाचा साबण आधी काढला आणि एक नंबर नंतर. दोन नंबरचा इतका चांगला तर एक नंबरचा कसा असेल, असे गिऱ्हाइकाने मनाशी म्हणावे, ही त्यातली गंमत. या गंभीर माणसाला विनोदबुद्धी होती, याचा हा पुरावा. या साबणाची शिफारस खुद्द रवींद्रनाथ टागोरांनी केली होती.

पैसा आला तेव्हा तो त्यांच्याजवळ साचला नाही. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले. त्या काळचे तीन लाख. गांधीजींच्या सगळ्या मतांशी ते सहमत होते असे नाही, तरी देणगीचा हात आखडला नाही. मतभेद असूनही योग्य कामाला मदत करणे हे मला तीन लाखांपेक्षा मोठे वाटते.

१९२३ च्या सुमाराला लोखंडी कपाटे बनू लागली. तीच आपल्या घराघरांत आली. आमच्या आजीचे कपाट याच वंशातले. १९२८ साली अर्देशीरांनी सारा कारभार पिरोजशांच्या हाती दिला आणि ते नाशिकला जाऊन शेती करू लागले. ज्याने तिजोऱ्या बनवल्या त्याला तिजोरीजवळ बसून राहावेसे वाटले नाही. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढची कथा पिरोजशांची आणि त्यांच्या मुलांची आहे, ती थोडक्यात सांगते. १९४३ साली पिरोजशांनी मुंबईजवळ विक्रोळीची मोठी जमीन घेतली. तिथे कारखाने, कामगारांची घरे आणि शाळा उभ्या राहिल्या. खाडीकाठची तिवरांची झाडे मात्र त्या कुटुंबाने तोडली नाहीत. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला, त्या आगीत या तिजोऱ्यांची खरी परीक्षा झाली आणि त्यांच्या आतील कागदपत्रे वाचली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी सुमारे १२ लाख मतपेट्या विक्रोळीत तयार झाल्या. पेटीला बाहेरून कुलूप लावण्याचा खर्च वाचावा म्हणून कुलूप आतच बसवले होते. कुलपाच्या शेडमधून निघालेला धागा असा लोकशाहीपर्यंत आला. १९५५ साली टंकलेखन यंत्र आले, १९५८ साली शीतकपाट. टंकलेखन यंत्रांचा काळ सरला आणि त्यांचे उत्पादन पुढे बंद झाले. १९९० नंतरच्या दशकात कंपनी कपडे धुण्याच्या मशीनकडे वळली. २०२४ साली कुटुंबात वाटणी झाली. गोदरेज अँड बॉईस एका शाखेकडे राहिली आणि साबणाचा धंदा दुसऱ्या शाखेकडे. एकाच माणसाच्या हातून निघालेले कुलूप आणि साबण सव्वाशे वर्षांनी वेगळे झाले.

अर्देशीरांनी कपडे धुण्याचे मशीन कधी पाहिलेही नसेल. ते असते तर माझ्या आजोबांच्या बाजूने उभे राहिले असते की मशीनच्या? मी यावर पुष्कळ विचार केला. हाताने घडवणाऱ्या बारा कारागिरांना घेऊन त्यांनी सुरुवात केली, पण हाताने घडवलेल्या वस्तूतला ढिसाळपणा त्यांना खपत नव्हता. मला वाटते, त्यांनी दोघांनाही एकच प्रश्न विचारला असता, काम चोख होते की नाही? या प्रश्नाला आजोबांची परीटघडी पुरेपूर उतरते. आणि खरे सांगायचे तर मशीनही उतरत होते. चूक त्याची नव्हतीच.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी नांदेडहून लातूरला गेले. अहमदपूरपर्यंत मी मनात वाक्ये जुळवत होते, लातूर आले तेव्हा त्यांतले एकही आठवेना. रात्री जेवणे झाल्यावर आजोबांच्या जवळ बसून मी सगळे सांगितले. ओढणी, गच्ची, गप्प बसणे. पुस्तकातल्या त्या वकिलाविषयीही सांगितले, कारण त्याच्याशिवाय मला सुरुवात करता आली नसती. आई भांडी घासत होती, तिचे हात थांबले. बाबा काही बोलले नाहीत. आजोबांनी बराच वेळ अडकित्त्यात सुपारी धरून ठेवली. मग त्यांनी एवढेच विचारले की त्या वकिलाला वकिली सोडल्यावर त्याच्या बापाने घरात घेतले का. मी म्हटले, घेतले. ते उठून झोपायला गेले. रागावले की काय ते मला कळले नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

सकाळी मागच्या खोलीत गेले तर मशीनवर चादर नव्हती. धुऊन, घडी करून ती फळीवर ठेवलेली होती. आठ वर्षे बंद पडलेले मशीन लगेच चालू होणार नव्हतेच. मेकॅनिकने पट्टा आणि पाण्याची नळी बदलायला सांगितली. तो खर्च मी शिष्यवृत्तीतून केला आणि तो मीच करावा असे आजोबांनीही मानले, नको म्हटले नाही. धोतराचे पैसे जसे त्यांनी फेडले होते तसे हे माझे. मशीन सुरू झाल्यावर त्यांनी मला समोर उभे करून पहिला घाणा घालायला लावला, फक्त पांढऱ्या कपड्यांचा. तो निघेपर्यंत ते स्टूल टाकून शेजारी बसून होते.

मोठ्या माणसांची चरित्रे आपण परीक्षेसाठी वाचतो, सनावळ्या पाठ करतो आणि विसरतो. अर्देशीर गोदरेज यांच्या चरित्रातल्या सनावळ्या मीही कदाचित विसरेन. पण न पटलेले खरे म्हणून सांगायचे नाही म्हणून झांजीबारहून रिकाम्या हाताने परतलेला तो तरुण मी विसरणार नाही. आजीच्या कपाटावरचे आणि आमच्या मशीनवरचे नाव आता मला एखाद्या ओळखीच्या माणसाचे वाटते.